शेवटची सायकल

आपल्या शाळेच्या सायकल-सहलीविषयी वार्षिकात काही लिहावे, अशी मागणी विद्यार्थी-संपादकांनी मजकडे बरेच दिवस लावून धरली होती. मी ती टाळीत आलो. त्याचे कारण आळस नव्हे. 2023 च्या जानेवारीत नगरहून नारायणगावापर्यंत व परत अशी जी सहल आम्ही केली, तिच्या हकिकती शाळेत पुष्कळ पसरल्या आहेत. त्यांत थंडी आहे, वारा आहे, गमती आहेत, मुलांच्या चिकाटीची वर्णने आहेत. परंतु त्या सहलीत माझ्या हातून जी चूक घडली ती त्या हकिकतींत नाही. ज्या मुलांना ती ठाऊक होती त्यांनी माझ्यावरील लोभामुळे तिचा फारसा उच्चार केला नाही, आणि मीही त्यांच्या मौनाचा फायदा घेतला. ज्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती घडली तो 2024 साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन शाळेबाहेर पडला. त्याच्या व त्याच्या वडिलांच्या अनुमतीने, त्याचे नाव न देता, मी ती आज लिहीत आहे. पालकांनी ती वाचावी, कारण आपली मुले ते आमच्या स्वाधीन करतात. आणि विद्यार्थ्यांनी वाचावी, कारण शिक्षकही चुकतो हे त्यांना शिक्षकाच्याच तोंडून कळलेले बरे.

सहलीची कल्पना वर्गात निघाली. एके दिवशी विज्ञानाचा तास संपता संपता दहा मिनिटे उरली, तेव्हा मी मुलांना मुंबईच्या त्या सहा पारशी तरुणांची गोष्ट सांगितली, जे 1923 च्या ऑक्टोबरात सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे वाळवंटे, बर्फ व अरण्ये ओलांडून 1928 साली मुंबईस परत पोहोचले. वर्ग अगदी तल्लीन झाला होता. शेवटच्या बाकावरील एका मुलाने हात वर करून विचारले, "आणि सर, उरलेले तिघे?" मी म्हणालो, "त्यांनी वाटेत निरनिराळ्या कारणांनी साथ सोडली," आणि पुन्हा त्या पोहोचलेल्या तिघांच्या पराक्रमाकडे वळलो. हा प्रश्न विचारणारा मुलगा तोच, ज्याची ही हकिकत आहे. त्या दिवशी मला त्या प्रश्नात विशेष काही वाटले नाही.

पुढे मुलांनी हट्टच धरला, की आपणही कोठे तरी सायकलींवरून जाऊ. खेळांचे शिक्षक तरुण व उत्साही. त्यांनी भर घातली. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे रेडिओ-दुर्बिणींचे जे जगप्रसिद्ध केंद्र आहे, ते पाहून यावयाचे असे ठरले. नगरहून कल्याणच्या रस्त्याने भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, बेल्हे, आळे फाटा, आणि तेथून दक्षिणेस नारायणगाव, असा हा मार्ग 100 किलोमीटरांस थोडासा कमी भरतो. गुरुवारी 12 तारखेस जाणे, शुक्रवारी खोडद पाहणे, शनिवारी 14 तारखेस परतणे, असा बेत झाला. आठवी-नववीचे 12 विद्यार्थी, आम्ही दोघे शिक्षक, आणि अंथरुणे, भांडी व औषधांची पेटी घेऊन एक टेंपो, असा आमचा काफिला होता. कोणाच्या सायकलीस गिअर होते, कोणाच्या नव्हते. माझी सायकल तर माझ्या वडिलांची. काळी, वजनदार आणि सळईच्या ब्रेकची.

पालकांना जे पत्र पाठविले त्यात मी स्वतःच्या हाताने एक वाक्य लिहिले होते: "खेळांचे शिक्षक सर्वांच्या पुढे राहतील व मी सर्वांच्या मागे राहीन." पत्र पोहोचल्यावर त्या शेवटच्या बाकावरील मुलाचे वडील मला शाळेच्या फाटकाशी भेटले. ते बाजारसमितीत हमाली करतात. डोईची टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "सर, पोरगं अंगानं बारीक आहे. सगळ्यांत जरा मागंच राहतंय. बघाल न्हवं?" मी म्हणालो, "काळजी करू नका. मागे मीच आहे." एवढ्यावर त्यांनी सही करून दिली.

जाण्याचा दिवस आनंदाचा गेला. पहाटे सहास शाळेच्या पटांगणात प्रार्थना करून निघालो तेव्हा अंधार होता, आणि थंडी अशी की हँडल धरलेली बोटे आपली आहेत की दुसऱ्याची ते कळेना. ज्यांच्यापाशी हातमोजे नव्हते त्यांनी पायमोजे हातांत चढविले. टेंपोच्या चालकाने एक जुनी युक्ती सांगितली: स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी, म्हणजे वारा आत शिरत नाही. सर्वांनी ती केली; त्यामुळे श्वास घेताना प्रत्येकाच्या छातीतून कागदाचा चुरचुर आवाज येत असे आणि हसू आवरत नसे. नेप्तीच्या कांदा-बाजाराकडे जाणाऱ्या गाड्या ओलांडल्या, सूर्य पाठीमागे वर आला, आणि आमच्या लांब सावल्या आमच्याच पुढे धावू लागल्या.

दख्खनच्या पठारावर या दिवसांत वारा बहुधा पूर्वेकडून व ईशान्येकडून वाहतो. आमची वाट पश्चिमेची. म्हणजे वारा आमच्या पाठीशी होता. सायकली जणू उताराला लागल्यासारख्या पळत होत्या. जेवणाच्या वेळेपूर्वीच आम्ही टाकळी ढोकेश्वरास पोहोचलो आणि तेथील डोंगरात कोरलेले प्राचीन लेणे पाहून आलो. चार वाजता नारायणगाव गाठले. रात्री जेवताना जो तो आपल्या मांड्यांच्या बळाविषयी बोलत होता. एकाने तर परतीच्या प्रवासास किती तास लागतील याचे गणितही मांडले, आणि मी ते तपासून बरोबर आहे असे सांगितले. त्या दिवशी एकानेही वाऱ्याचे नाव काढले नाही. पाठीशी असलेला वारा कोणास जाणवत नाही. तो आपल्यालाच आपले सामर्थ्य वाटतो.

दुसऱ्या दिवशी खोडदला जे पाहिले त्याविषयी स्वतंत्र लेख लिहिता येईल. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून व नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या केंद्रात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. त्यांपैकी 14 खोडदजवळ एकत्र आहेत व उरलेल्या 16 तीन दिशांस पसरलेल्या तीन बाहूंवर दूरदूर उभ्या आहेत. आमची समजूत होती की एवढी तबकडी म्हणजे पत्र्याची एक प्रचंड परात असावी. जवळ गेल्यावर दिसले, की ती बारीक तारेच्या जाळीची आहे आणि तिच्यातून आकाश आरपार दिसते. पुन्हा त्याच शेवटच्या बाकावरील मुलाने विचारले, "हिच्यातून सगळे आरपार जाते, मग लाटा कशा अडतात?" तेथील शास्त्रज्ञांना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी समजावून सांगितले, की येथे ज्या रेडिओलहरी टिपतात त्यांची लांबी वीतभरापासून काही मीटरांपर्यंत असते. जाळीची भोके त्यांच्या मानाने इतकी लहान, की लहरींना ती जाळी भिंतीसारखीच वाटते. वाऱ्याला मात्र ती जाळीच. पत्र्याची तबकडी केली असती तर वाऱ्याचा भार सोसण्यासाठी खालचा सांगाडा कितीतरी अवजड करावा लागला असता. वारा फार वाढला की तबकड्यांचे तोंड सरळ आकाशाकडे करून त्या स्थिर ठेवतात, हेही त्यांनी सांगितले. "मोठ्या वाऱ्यापुढे आम्हीसुद्धा काम थांबवतो," असे ते हसत म्हणाले. हे शब्द मी दुसऱ्या दिवशी आठवावयास हवे होते.

शनिवारी सकाळी सातास परतीस निघालो. आळे फाट्यापर्यंत ठीक चालले. पूर्वेकडे वळलो मात्र, आणि वारा समोरून असा आला की पुढच्या मुलाची टोपी उडून माझ्या पायांशी पडली.

येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थोडे गणित सांगितलेच पाहिजे. हवेचा अडथळा हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि हा वेग म्हणजे सायकलचा नव्हे, तर सायकल व वारा यांचा मिळून झालेला वेग. समजा, सायकल ताशी 15 किलोमीटरने चालली आहे व समोरून ताशी 20 किलोमीटरचा वारा आहे. तर अंगावर येणारी हवा ताशी 35 किलोमीटरची झाली. निवांत हवेच्या मानाने अडथळा दुप्पट-अडीचपट नव्हे, तर पाचपटींहून अधिक झाला. शिवाय श्रमाने आलेला घाम हाच वारा वाळवितो, आणि तो वाळताना अंगातील ऊब घेऊन जातो. म्हणून समोरचा वारा दमवितो आणि गारठवितो, दोन्ही एकदम.

खेळांच्या शिक्षकांनी तेव्हा मुलांना एका रांगेत चालण्याची रीत शिकविली. पुढच्याच्या मागच्या चाकापासून हात-दीड हात अंतर ठेवून चालले, की मागच्यास पुढच्याचा आडोसा मिळतो व त्याचे श्रम चतुर्थांशाने, कधी तृतीयांशाने कमी होतात. पुढचा मात्र सगळा वारा छातीवर घेतो. म्हणून पाळीपाळीने पुढे यावयाचे. दर किलोमीटरच्या दगडाशी पुढच्याने घंटी वाजवून बाजूस व्हावे, सर्व रांग पुढे जाऊ द्यावी आणि मागे येऊन रांगेस लागावे. रस्ता वर्दळीचा, म्हणून डाव्या कडेने एकच रांग. ही रीत मुलांना इतकी आवडली की पहिले दोनअडीच तास थंडीचाही विसर पडला. जी मुले वर्गात एका खडूसाठी भांडतात, ती एकमेकांकरिता वारा खात होती. बेल्हे गेले. त्या बारीक मुलाची पाळी आली तेव्हा मीच म्हणालो, "तू पुढे जाऊ नकोस. तू आपला मागे, माझ्यापुढेच राहा." मी हे दयेने केले. परंतु ही दया त्याला कोठे नेत होती हे मला कळले नाही.

कारण रांगेतील शेवटची जागा सोपी नसते. पुढचा क्षणभर मंद होतो आणि पुन्हा वेग घेतो. तेवढाच झोका मागे जाता जाता वाढत जातो. दहाव्या-अकराव्या सायकलीला कधी ब्रेक लावावा लागतो, तर कधी जिवाच्या आकांताने पायडल मारावे लागते. शिवाय पुढून मागे आलेला प्रत्येक दमदार मुलगा त्या बारीक मुलाच्या पुढेच रांगेत शिरत होता. आणि सर्वांत वाईट असे, की एकदा का पुढच्या सायकलीपासून चारदोन सायकलींचे अंतर पडले, म्हणजे आडोसा संपला. आता त्या दमलेल्या मुलास पुढच्या ताज्या मुलाइतकाच वारा सोसावा लागतो. तो अधिक दमतो. अंतर अधिक वाढते. ज्याला आडोशाची गरज सर्वांहून अधिक, त्याचाच आडोसा सर्वांच्या आधी सुटतो. यात कोणाची दुष्टाई नसते. पुढच्यांना तर ते दिसतही नाही, कारण त्यांचे डोळे समोर असतात.

टाकळी ढोकेश्वर सोडावयास दुपारचे चार वाजले. पंक्चरे दोन झाली होती, मुले थकली होती, आणि दोन दिवसांपूर्वी मी तपासून दिलेले ते गणित पार कोलमडले होते. या वेळी टेंपोत सर्वांना बसवून प्रवास संपविला असता, तर कोणीही नावे ठेवली नसती. परंतु मुलांनी 'सायकलवरच जाऊ' असा आग्रह केला, आणि खरे सांगावयाचे तर तो आग्रह मला हवाच होता. शाळेच्या फाटकात पालक उभे असतील, मुले सायकलींवरून घंटा वाजवीत आत शिरतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे होते. मी टेंपो पुढे भाळवणीस पाठविला आणि चालकास गरम चहा तयार ठेवावयास सांगितले. मुलांची सोय म्हणून हे केले. पण त्यामुळे आमच्या मागे कोणीच उरले नाही.

मैल-दीड मैल गेल्यावर रांग तुटली. पुढची आठ मुले एकत्र, मग तीन, आणि बऱ्याच मागे तो आणि मी. सूर्य कलला होता, वारा पडेना. मी त्याला म्हणालो, "तू ये हळूहळू. पुढच्यांना थांबवून मी आलोच." पुढच्यांना थांबविण्यासाठीच मी गेलो, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते अर्धेच खरे आहे. मी जोर करून त्या आठांना गाठले आणि त्यांच्या मागे लागताच वारा एकाएकी थांबल्यासारखा वाटला. अंगात ऊब आली. ती ऊब सोडवेना. मनात म्हटले, पुढच्या दगडाशी सांगू. त्या दगडाशी मुले म्हणाली, "सर, तुम्ही पुढे या ना!" मी पुढे गेलो. चाळिशी उलटलेला शिक्षक आपल्या जुन्या सायकलीवर वारा कापीत चालला आहे आणि मागून मुले शाबासकी देत आहेत, या सुखात मी चार-पाच दगड मोजले. मधली तीन मुलेही धडपडून येऊन मिळाली. अंधार पडला. 'मी आलोच' हे शब्द मी कोणाला तरी दिले आहेत, हे मला आठवले नाही असे नाही; प्रत्येक वेळी आठवले, आणि प्रत्येक वेळी वाटले, तो मागेच तर आहे.

भाळवणीस टेंपोपाशी चहाचे पेले भरले. चालकाने बारा पेले मांडले होते. अकरा उचलले गेले. एक तेथेच वाफाळत राहिला.

मला त्या पेल्याकडे पाहवेना. कोणी काही बोलले नाही. खेळांच्या शिक्षकांपाशी मुलांना ठेवून मी चालकाबरोबर टेंपोत बसलो व आम्ही उलट निघालो. सहलीत विद्यार्थ्यांनी मोबाइल आणावयाचा नाही, हा नियम मीच केला होता. रस्त्यावर मोठ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येत होते. प्रत्येक पुलाशी, प्रत्येक वळणाशी आम्ही थांबलो. उतरून हाका मारल्या. आता वारा माझ्या पाठीशी होता आणि माझी हाक दूर नेत होता. तेव्हा माझ्या लक्षात आले, की त्याने जर मला हाक मारली असेल, तर ती वाऱ्याने मागेच नेली असेल. मी त्याच्या पुढे होतो. मला ती कधीच ऐकू आली नसती. फाटकाशी टोपी हातात घेऊन उभे राहिलेले त्याचे वडील मला दिसू लागले. त्या अर्ध्या तासात मी ज्या प्रार्थना केल्या त्या येथे लिहिण्यासारख्या नाहीत.

रस्त्यापासून थोड्या अंतरावर एका शेतात जाळ दिसला. धनगरांनी तेथे मेंढरे बसविली होती. शेजारी घोडा बांधलेला, सामानाची गाठोडी उतरलेली. कुत्रे अंगावर आले, एका म्हाताऱ्याने त्याला दटावले. त्याच्यामागे, जाळापासून जरा दूर, एका घोंगडीत गुंडाळलेले काही तरी होते. त्यातून तोंड बाहेर आले आणि म्हणाले, "सर, चेन पडली."

एवढेच घडले होते. चेन निसटली, गारठलेल्या बोटांनी ती बसेना. त्याने हाका मारल्या. मग सायकल हाती धरून तो चालू लागला, आणि थोड्या वेळाने खाली बसला. घामाने ओला सदरा, पोटात अन्न नाही, आणि वारा. धनगराला तो दिसला तेव्हा त्याचे अंग थडथडत होते आणि तोंडातून धड शब्द फुटत नव्हता. म्हाताऱ्याने त्याचा ओला सदरा काढून त्याला कोरड्या घोंगडीत गुंडाळले, एकदम जाळाशी न बसविता बाजूस बसविले, आणि त्याच्या घरच्या मावशींनी शेळीचे दूध तापवून घोट-घोट पाजले. म्हाताऱ्यापाशी मोबाइल होता, परंतु मुलास एकही नंबर पाठ नव्हता. तो भोगीचा दिवस. तीळ लावलेली बाजरीची भाकरी व भाजी मुलाच्या पुढ्यात होती, आणि तो आता ती खात होता.

मी आभार मानू लागलो. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले. मग आपल्या मेंढरांकडे पाहत त्याने विचारले, "मास्तर, तुमची पोरं किती?"

"बारा," मी म्हणालो.

"आमची दोनशेच्या वर हायती. सांच्याला मोजल्याबिगर आमी भाकर मोडीत न्हाई. बारा मोजाया काय लागतंय?"

तो रागाने बोलला नाही. त्याला खरोखरच समजत नव्हते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या शाळेत मी लहानाचा मोठा झालो तेथे हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त मला पाठ करविला होता. मी तो कित्येक वेळा मुलांना सांगितलाही होता. पण मेंढपाळ दररोज संध्याकाळी मोजतो, ही त्यातील साधी गोष्ट मला त्या रात्री प्रथम कळली.

आम्ही भाळवणीस परतलो. सायकली तेथेच एका ओळखीच्या गृहस्थांच्या वाड्यात ठेवल्या व टेंपोच्या दोन खेपांनी मुले नगरास आणली. घंटा वाजवीत फाटकात शिरण्याचे ते चित्र भाळवणीतच राहिले. पहिल्या खेपेत त्या मुलास घेऊन मी स्वतः त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या वडिलांना झाले ते सर्व सांगितले. मी म्हणालो, "मी मागे राहीन असे लिहिले होते. मी राहिलो नाही." ते बराच वेळ गप्प बसले. मुलाच्या कपाळास हात लावून पाहिला. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. पोरानं तर सांगितलंच नसतं." त्यांनी क्षमा केली की नाही, हे मला त्या रात्री कळले नाही, आणि विचारण्याचा अधिकारही मला नव्हता. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तो मुलगा सायंकाळी तिळगूळ घेऊन माझ्या घरी आला, तेव्हा त्याच्या मागे, जरा अंतरावर, त्याचे वडील उभे होते.

पालकहो, आता या हकिकतीतील जी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची, ती सांगतो. सोमवारी मी वर्गावर गेलो, फळ्यावर समीकरण मांडले, पुढच्या बाकांवरून उत्तर आले, आणि सवयीने मी पुढचे समीकरण लिहू लागलो. खडू हातातच थांबला. मी मागे वळून पाहिले. शेवटच्या बाकावर तीन मुले होती आणि तिघांच्याही वह्यांत पहिलेच समीकरण अर्धे राहिले होते. वर्षानुवर्षे मी असाच पुढच्यांबरोबर वारा कापीत चाललो होतो. मागच्यांचा एक दुवा निसटला, की पुढचे सर्व त्यांना विनाआडोशाचे. ते दमतात, अंतर वाढते, आणि मग आपण त्यांच्या प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात मागे' असे लिहून मोकळे होतो. त्यांनी कदाचित हाकही मारली असेल. पण पुढे चालणाऱ्यास मागची हाक ऐकू येत नाही. ती ऐकण्यासाठी मागेच जावे लागते.

म्हणून हल्ली मी तासाच्या आरंभी मागच्या बाकांकडे जातो आणि तेथूनच शिकविण्यास प्रारंभ करतो. यामुळे अभ्यासक्रम संपावयास उशीर होतो अशी तक्रार दोघा-तिघा पालकांनी केली आहे. ती खरी आहे. मी ती नम्रतेने ऐकतो. पण माझा क्रम बदलत नाही.

सहली आम्ही बंद केल्या नाहीत. 2024 च्या जानेवारीत पुन्हा निघालो, आणि दोन-तीन नियम नवे केले. प्रत्येकाच्या खिशात घरचा व शिक्षकांचा नंबर लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा असतो. टेंपो सर्वांच्या मागे चालतो; चहा उशिरा मिळाला तरी चालेल. वाऱ्यात चालताना सर्वांत अशक्त मुलगा रांगेत शेवटी नसतो, तर पहिल्याच्या लगेच मागे, दुसरा असतो; तेथे आडोसा मिळतो, आणि रांगेचा वेग त्याच्या दमाप्रमाणे ठरतो. अशा रीतीने पोहोचावयास वेळ अधिक लागतो; परंतु पोहोचल्यावर मोजणी पुरी भरते.

त्या सहलीस तो मुलगाही आला होता. दहावीची परीक्षा तोंडावर असल्यामुळे मी त्याला नको म्हणालो, तर वडीलच त्याला घेऊन आले. या वेळी त्यांनी मला काही विचारले नाही. सायकलींची रांग लागल्यावर त्यांनी स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन बोटाने मुले मोजली, शेवटी माझ्या सायकलीपाशी येऊन थांबले, आणि म्हणाले, "चौदा. आणि तुम्ही पंधरावे. जा आता."